वरचा प्रोसेसर

जमालभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फोनवर एका म्हातारीच्या जिवंतपणाची खात्री करून घेत होते. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला मी पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांच्याकडे गेले होते. घराचीच बाहेरची खोली, दारावर ‘जमाल डीटीपी’ अशी पाटी, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसलेला एक किडकिडीत माणूस. “माफ करा हां,” ते अगदी हळू आवाजात म्हणत होते, “पण सत्यवतीआजी आहेत ना? नाही, म्हणजे... आहेत ना?” पलीकडून कुणीतरी चांगलंच खडसावलं असावं, कारण त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग तो ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. “आहेत. शुक्र है. भाजी निवडतायत.”

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. नंतर कळलं की ही त्यांची कामाची रीत होती. आसपासच्या आगरी गावांतल्या लग्नपत्रिका ते करायचे आणि त्या पत्रिकेत अख्खं गाव असतं. मामा, मावश्या, आत्या, भाऊबंद, व्यवस्थापक, कार्यवाहक, सगळ्यांची नावं, तीही मानपानाच्या क्रमानं. एखाद्या जिवंत आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ पडलं, किंवा नवरा धडधाकट असलेल्या बाईला ‘गं. भा.’ लागलं, तर लग्न राहतं बाजूला आणि दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. म्हणून पत्रिका छपाईला जाण्याआधी जमालभाई त्या घरी फोन करायचे आणि एकेका वयस्कर माणसाचं नाव घेऊन विचारायचे, आहेत ना? लोक चिडायचे, वाट्टेल ते बोलायचे आणि पुढच्या लग्नाची पत्रिकाही त्यांच्याकडेच टाकायचे.

मी वसुंधरा. शाळेत इंग्रजी शिकवायची, राहायला नवीन पनवेलला, आणि धीर हा गुण माझ्यात घालायचा देव साफ विसरला. चूक दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. जमालभाईंनी हे लगेच हेरलं आणि थोड्याच दिवसांत पत्रिकांची प्रुफं माझ्यापुढे यायला लागली. मी लाल पेनानं वेलांट्या सुधारायची, ते शेजारी बसून माझ्या पेनाकडे बघत सुस्कारे सोडायचे. त्यांची बायको शहाबानोभाभी चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, “बाई, यांना फिकीर करायला वेगळा टाइम लागत नाही. हे झोपेतपण करतात.” ते खरंच होतं. पंखा जोरात फिरला तर पडेल म्हणून फिकीर, हळू फिरला तर कॉम्प्युटर तापेल म्हणून फिकीर. मी खूपदा वैतागायची. पण २०११ साली त्यांना जी काळजी लागली ती मात्र खरी होती.

तो कॉम्प्युटर मरायला टेकला होता.

जमालभाई आधी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ते ऑफिस बंद झालं तेव्हा तिथलं मशीन त्यांनी घरी आणलं, त्यात मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घातलं आणि धंदा सुरू केला. त्या सॉफ्टवेअरला एक किल्ली होती, डोंगल म्हणतात तिला. काडेपेटीएवढा तुकडा. प्रिंटरची जुनी रुंद वायर जिथे लागते त्या पोर्टात तो खोचलेला असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. ते बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता. फॉन्टही त्यांचेच. त्यातली फाइल दुसऱ्या कशात उघडली की ‘आमचे येथे’च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर दिसायचे. नव्या विंडोजवर ते सॉफ्टवेअर चालत नव्हतं आणि नव्या कॉम्प्युटरला तो जुना पोर्टच नव्हता.

आणि त्या मशीनमध्ये तोवर केलेल्या सगळ्या पत्रिका होत्या. गावातून माणूस यायचा आणि म्हणायचा, “थोरल्याच्या लग्नात होती तशीच काढा. नवरा-नवरी बदला फक्त.” नावांचा तो क्रम भांडणं होऊन, रुसवे काढून एकदा ठरलेला असायचा. तो पुन्हा कुणाला ठरवायचा नव्हता. “कार्ड तर आता कुणीपण करतो, बाई,” जमालभाई म्हणायचे. “माझ्याकडे येतात ते या फायलींसाठी. ह्या उघडल्या नाहीत तर मी या वयात काय करू?” हे बोलताना मशीन घरघरायचं आणि त्यांचा हात आपोआप त्याच्या अंगावर जायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

उपाय शिवानं सांगितला. शिवा माझा जुना विद्यार्थी, पळस्प्याकडचा आगरी. लाइन आळीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. “जमालभाय, नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन बसवायचं,” तो म्हणाला. “खरं नाय, खोटं खोटं. वर्चुअल मशीन बोलतात. आतल्या जुन्या विंडोजला वाटतं का आपन आपल्या जुन्याच घरात हाय. तिला कलत पन नाय.”

“आणि कळलं तर?” जमालभाईंनी विचारलं.

शिवा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “तुझं तू बघ. मी रोज ऐकते हे.”

अडचण डोंगलचीच होती. नव्या मशीनमध्ये जुन्या पोर्टाचं एक वेगळं कार्ड बसवता येत होतं. पण ते कार्ड आतल्या मशीनच्या थेट ताब्यात द्यावं लागणार होतं, नाहीतर डोंगल ओळख देत नाही. शिवानं दुसऱ्या रीती करून पाहिल्या होत्या, त्या फसल्या. आणि असं कार्ड आत सोपवायची सोय प्रोसेसरमध्येच असावी लागते. काहींत असते, काहींत नसते.

झालं. जमालभाईंना आयुष्यभर पुरेल एवढी काळजी एका चौकोनी तुकड्यात मिळाली. नेटवरची पानं छापून ते माझी वाट बघत बसायचे. मी वेलांट्या तपासायला गेले की प्रुफांच्या आधी ती पानं पुढे यायची. “बाई, हे जरा वाचा. इथं लिहिलंय ‘मे वर्क’. म्हणजे चालेल, की चालू शकेल?” मी म्हणायची, चालू शकेल. “म्हणजे नाहीपण चालणार?” मी म्हणायची, जमालभाई, मी इंग्रजी शिकवते, भविष्य सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान, त्याच ओळीखाली पेन्सिलीची रेघ आणखी जाड.

शेवटी निवड दोन प्रोसेसरांवर आली. दोघांचं नाव एकच, आकार एकच, एकाच बोर्डावर बसणारे. एक साधा. दुसरा वरचा, नावाच्या शेवटी के लावलेला, महागातला. त्याचा वेग ताणून आणखी वाढवता येतो, म्हणून गेम खेळणारी पोरं त्याच्यामागे वेडी झालेली. पण कार्ड आतल्या मशीनला सोपवायची ती सोय नेमकी साध्यात ठेवली होती आणि वरच्यातून काढून टाकली होती. का, ते कंपनीलाच ठाऊक. महागातल्या कुकरला शिट्टीच नाही, असा तो प्रकार होता. मी तीनतीनदा वाचून दाखवलं. शिवानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना विचारून खात्री केली. जमालभाईंनी तरीही नमाजानंतर मशिदीबाहेर एका इंजिनीअरला गाठलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, साधा घ्या. त्यांनी शिवाला सांगितलंही, मागव.

त्याच आठवड्यात शारजाहून अरीबचा फोन आला.

अरीब त्यांचा मुलगा. तिकडे एका मोठ्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचा हिशेब ठेवायचा. जाण्याआधी तो याच टेबलाशी बसून पत्रिका करायला शिकला होता. हात चांगला होता त्याचा. पण एका मशीनवर दोन माणसांचं भागेना आणि एक दिवस तो पासपोर्ट काढून आला. त्या विषयावर त्या घरात फारसं बोललं जायचं नाही. सुट्टीवर येताना तो अत्तरं, ब्लँकेटं, मोठाल्या बॅटऱ्या, चॉकलेटं आणायचा आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये जाऊन बसायचं. मोहल्ल्यात पुष्कळ घरांतून असं शोकेस आहे. गल्फमधून माणूस आला की पाहुणे जमतात, बॅग सगळ्यांसमोर उघडते आणि निघालेल्या वस्तूला कुणी नाव ठेवत नाही. शर्ट दोन नंबर मोठा निघाला तरी घालून दाखवायचा.

“अब्बा, तुम्ही कधी काही मागतच नाही,” अरीब फोनवर म्हणाला. “बकरी ईदला येतोय. प्रोसेसर मी आणतो. नंबर सांगा.” जमालभाईंनी नंबर सांगितला, पुन्हा सांगितला आणि वर म्हणाले, “साधा हां. के नको.” मी तिथेच होते. फोन ठेवल्यावर त्यांनी नेटवरची ती पानं गोळा करून खणात टाकली. मग म्हणाले, “नाही कसं म्हणू, बाई?” शिवाला निरोप गेला, प्रोसेसर मागवू नको, बाकीचं सामान जमव.

अरीब ईदच्या दोन-तीन दिवस आधी आला. बॅग उघडायची होती तेव्हा मला मुद्दाम बोलावणं आलं. उरणहून मावशी आलेली, शेजारपाजारचे आलेले, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अत्तर निघालं, अम्मीचा दुपट्टा निघाला, आणि अगदी तळातून, टॉवेलात गुंडाळलेला, निळा खोका. अरीबनं तो दोन्ही हातांनी वडिलांना दिला. जमालभाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माझी जागा बरोबर समोर होती. खोक्यावर ठळक के होता.

“साधा बोलला होता तुम्ही, माहितीये मला,” अरीब हसत सगळ्यांना सांगत होता. “पण अब्बा कायम साधंच सांगतात. मी दुकानदाराला बोललो, अब्बांसाठी आहे, यातला वरचा दे. तो बोलला, हा घेऊन जा, हा टॉप आहे.”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. जमालभाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी ते मिटलं. “माशाल्ला,” ते म्हणाले. “माशाल्ला. बाई, चहा घ्या ना.” खोका हातोहात खोलीभर फिरला. मावशीनं तो कानाशी धरून हलवूनही बघितला. जमालभाई हसत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम जमला होता.

दुसऱ्या दिवशी शिवानं नवं मशीन जोडलं. जोडताना तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत होतो. अरीब समोर होता, त्यामुळे दोघंही गप्प. मशीन सुरू झालं, झरझर चाललं, अरीबनं टाळी वाजवली. “बघा, अब्बा!” अब्बांनी मान डोलावली. तो बाहेर गेल्यावर शिवानं पोटातलं मशीन सुरू केलं. जुनी विंडोज आली, जुनं निळं आकाश आलं. जमालभाईंनी सॉफ्टवेअरवर क्लिक केलं आणि पाटी आली, डोंगल सापडत नाही. पुन्हा क्लिक. पुन्हा तीच पाटी. त्यांनी डोंगल काढून फुंकर मारली आणि परत लावला.

“फुकून काय होनार नाय, जमालभाय,” शिवा हळूच म्हणाला. “हा तो नायच हाय.”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता अरीबला सांगा. यात लपवण्यासारखं काय आहे? चुकीची वस्तू आली, बदलून घ्यायची. जमालभाई डोंगल मुठीत धरून बसले होते. “बाई, तो तिकडं बारा-बारा तास उभा राहतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला काही मागितलं आणि त्यानं माझ्या मागण्याच्या वरचं आणलं. त्याला मी बोलू, हे कामाचं नाही?” मी म्हटलं, होय, बोला. ते म्हणाले, “तुमचं धाडस वेगळं.” मला त्यांचा इतका राग आला की मी प्रुफं न बघता निघून आले.

तोवर जुनं मशीन कसंबसं धडपडत होतं. ईद झाली, आणि तुळशीचं लग्न लागून पत्रिकांचा मोसम उघडायच्या बेतात त्यानं मान टाकली. त्या वेळी त्यावर शिवाच्या बहिणीची, सुनीताची पत्रिका उघडलेली होती, थोरल्या भावाच्या पत्रिकेवरून काढायला घेतलेली, नावं अजून बदलायची होती. आधी पडदा काळा झाला, मग पंखा थांबला, मग काहीच नाही. शिवानं हार्ड डिस्क काढून तपासली. फायली सगळ्या शाबूत होत्या. त्या नव्या मशीनमध्ये आल्याही. पण उघडायला सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरला डोंगल हवा आणि डोंगलला साधा प्रोसेसर हवा. जमालभाई दिवसभर त्या पाटीसमोर बसून राहिले. अरीबनं विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, जुनं मशीन गेलं, वाईट वाटतंय. शहाबानोभाभीनं मला फोन केला, “बाई, तुम्ही या. हे जेवत नाहीत.”

मार्ग निघाला तो शिवाच्या डोक्यातून. कळंबोलीचा एक गेमवाला त्याच्याकडे केव्हाचा के मागत होता. शिवानं हा त्यालाच विकायचं ठरवलं आणि मुंबईहून साधा मागवला. अरीब दिवसभर मावशीकडे उरणला जाणार होता. त्या दिवशी अदलाबदल करायची ठरली. मला हे मुळीच पटलं नव्हतं. तरी मी तिथे हजर होते, कारण न जाणं मला जमलं नसतं.

शिवानं पंखा उतरवला, राखाडी लेप कापसानं पुसला आणि खटका उचलून वरचा प्रोसेसर अलगद काढला. खालच्या खाचेत केसांसारख्या बारीक पिना चमकत होत्या. “आता कोनी बोलू नका,” तो म्हणाला. “यातली एक वाकली ना, का बोर्ड गेला.” जमालभाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटत उभे होते. बाहेर रिक्षा वाजली तरी दचकत होते, अरीब परतला की काय म्हणून. साधा प्रोसेसर बसला. खटका बसला. मशीन सुरू झालं, पोटातलं मशीन सुरू झालं, शिवानं ते कार्ड आत सोपवलं. जमालभाईंनी क्लिक केलं आणि डोळे मिटून घेतले.

“उघडा डोळे,” मी म्हटलं. पडद्यावर सुनीताची ती अर्धवट पत्रिका होती, वरपासून खालपर्यंत, एकेक वेलांटी जागच्या जागी. मलाही हुंदका आला, खोटं कशाला सांगू. जमालभाई खुर्चीत बसले, त्यांनी रुमालानं चेहरा पुसला, आणि पुढच्याच क्षणी ताठ झाले. “बाई, मशीन चालू होताना पडद्यावर प्रोसेसरचं नाव येतं. अरीबनं वाचलं तर?”

म्हणजे एक काळजी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. रिकामा निळा खोका त्यांनी शोकेसमध्ये अत्तरांच्या मधोमध ठेवला, के बाहेर दिसेल असा. नव्या मशीनवर भाभीनं भरतकाम केलेला अभ्रा घातला. अरीब घरात असला की जमालभाई मशीन बंदच करायचे नाहीत, म्हणजे सुरू करायचा प्रश्न नको. तो टेबलाजवळ आला की हे उठून मध्ये उभे राहायचे. त्यानं माउसला हात लावला की यांना काहीतरी आठवायचं: अरीब, दूध घेऊन ये. अरीब, अम्मीला विचार, अमुक कुठं ठेवलंय. पोर निमूटपणे जायचं. आणि पत्रिकांचे ढीग तर चढत होते.

एका संध्याकाळी अरीब मला टपाल नाक्यापर्यंत सोडायला आला. रिक्षा मिळत नव्हती. तो खिशात हात घालून उभा होता. मग एकदम म्हणाला, “बाई, अब्बांना मी मशीनला हात लावलेला चालत नाही. तुम्ही बघितलंय ना?” मी रिक्षा येतेय का ते बघायला लागले. “मी सोडून गेलो म्हणून असेल. मला वाटलं होतं, प्रोसेसर आणला की निदान चार दिवस बाजूला बसवतील. मी पत्रिका लावायचो, आठवतं तुम्हाला? ‘लाडकी किलबिल’मध्ये पोरांची नावं मी लावायचो.” त्याची सुट्टी संपत आली होती.

रिक्षा आली, पण मी बसले नाही. त्याला मिरची गल्लीत काहीतरी आणायला धाडलं आणि तशीच मोहल्ल्यात परतले. जमालभाई एकटेच होते. मी चपला न काढता दारातूनच बोलले, “तुम्ही प्रोसेसर लपवताय आणि पोराला वाटतंय तुम्ही त्यालाच घराबाहेर ठेवताय. तो वाईट वाटून घेऊन विमानात बसणार आहे. आता ठरवा.” आणि त्याचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. जमालभाईंचा चेहरा पाहवत नव्हता. “मला वाटलं, मी त्याला वाचवतोय,” ते म्हणाले. मी म्हटलं, तेच तर.

अरीब आला तेव्हा जमालभाई टेबलापाशी उभे होते. अभ्रा त्यांनी काढून ठेवला होता आणि मशीन बंद केलं होतं. “अरीब, बस,” ते म्हणाले. “सुनीताची पत्रिका आज पुरी करायची आहे. तू कर.”

अरीबनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बसला. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या आणि त्यांत सर्वांत वर प्रोसेसरचं नाव आलं. अरीब पुढे वाकला. ओळी गेल्या तरी तो तिथेच बघत होता.

“अब्बा, के कुठं गेला?”

जमालभाईंनी सांगितलं. अडखळत, हात चोळत, पण सगळं सांगितलं. डोंगल, ती सोय, शिवा, कळंबोलीचा तो गेमवाला, उरणचा दिवस. “तुझा चांगलाच होता,” ते परत परत म्हणत होते. “वरचाच होता. माझं काम साधं होतं, बेटा.” भाभी पडद्याआड उभी होती. मी प्रुफांत नाक खुपसलं होतं आणि एकही अक्षर वाचत नव्हते.

“मी बदलून आणला असता,” अरीब म्हणाला. “नाहीतर मीच जाऊन इथं बदलला असता. एवढंसं काम.” त्याचा आवाज चढला. “अब्बा, तुम्ही सगळ्या पनवेलला फोन करता. लोकांच्या शिव्या खाऊन विचारता, आजोबा आहेत का, आजी आहेत का. मी आत झोपत होतो, इथं, या भिंतीपलीकडं. मला एकदा विचारता नाही आलं?”

अरीबची नजर खोलीभर फिरून शोकेसवर थांबली.

“मग तो खोका कशाला ठेवलाय? रिकामाच आहे ना?”

“तो तू आणलेला आहे,” जमालभाई म्हणाले.

अरीब मान खाली घालून बसला. मग बाहीनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि पोटातलं मशीन सुरू केलं. जुनी विंडोज आली, पत्रिका उघडली. त्याची बोटं सुरुवातीला चाचपडली, मग जुनी सवय आठवल्यासारखी चालायला लागली. थोरल्या भावाचं नाव काढून त्यानं सुनीताचं घातलं, खाली ‘लाडकी किलबिल’मध्ये मधल्या काळात जन्मलेली पोरं वाढवली. मी दोन वेलांट्या सुधारायला सांगितल्या. जमालभाई त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

पत्रिका पुरी झाली. निमंत्रकांत पहिलं नाव शिवाच्या आजोबांचं, काशीराम यांचं. “शिवा सकाळी बोलला, आजोबा ठीक आहेत,” मी म्हटलं. “द्या आता प्रिंट.”

“सकाळी ठीक होते, बाई,” जमालभाई आणि अरीब दोघंही एकदम म्हणाले. मग एकमेकांकडे बघायला लागले.

रिसीव्हर अरीबनं उचलला. नंबर जमालभाईंनी तोंडपाठ सांगितला. पळस्प्याला घंटी वाजत राहिली. जमालभाईंनी गुडघ्यावरचा रुमाल घट्ट धरला होता. पलीकडे कुणीतरी उचललं तेव्हा अरीबनं घसा साफ केला आणि अगदी वडिलांच्याच हळू, अजिजीच्या आवाजात म्हणाला, “माफ करा हां, जमाल डीटीपीमधून बोलतोय. काशीरामबाबा आहेत ना?”

“हाय की,” म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज मला लांबूनही ऐकू आला. “मीच बोलतंय. अजून हाय. तू कोन?”

“मी अरीब,” तो म्हणाला. “जमालभाईंचा मुलगा.” रिसीव्हर ठेवून त्यानं वडिलांकडे पाहिलं. “आहेत, अब्बा.”

जमालभाईंनी प्रिंट दिली.